गोव्यातल्या बाईला डॉक्टरचा वेळ हवा आहे

गोव्यात आता घरी बाळंतपण जवळपास होतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, इस्पितळात होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण आपल्याकडे 99.7 टक्के निघालं. सत्तरीच्या डोंगरातल्या वाड्यावरची बाईसुद्धा कळा सुरू झाल्या की वाळपईला येते आणि तिथे निभावत नसेल तर 108 च्या गाडीतून बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या म्हणजे गोमेकॉच्या इस्पितळात पोचते. पणजीत वैद्यकीय शाळा 1842 सालीच निघाली होती, पण तिचा उपयोग गावागावांतल्या बाळंतिणीला व्हायला पुढे शंभराहून जास्त वर्षं लागली. आमच्या आज्यांच्या वेळी सुईण होती, आणि सुईणीच्या हाताबाहेर गेलं की देवाचा धावा होता. किती जणी त्यात गेल्या याची मोजदाद कुठे नाही. त्यांच्या तुलनेत आजची गोव्यातली बाई सुरक्षित आहे, आणि हे काम ज्यांनी उभं केलं त्या परिचारिका, आरोग्यसेविका आणि डॉक्टर यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. बाई इस्पितळाच्या दारापर्यंत पोचली. आत आल्यावर तिचं कोणी पुरतं ऐकून घेतं का? तिच्या शरीरात काय चाललंय, पुढे कोणते मार्ग आहेत, हे तिला समजेल अशा भाषेत कोणी सांगतं का? मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, उत्तर गोव्यात व्यवसाय करते, आणि माझं उत्तर असं आहे की बहुतेक ठिकाणी हे होत नाही. औषधं, यंत्रं, शस्त्रक्रिया यांची आपल्याकडे फारशी वानवा नाही. वानवा आहे ती वेळेची. आणि हा वेळ नसल्यामुळे होणारं नुकसान मोजता येण्याजोगं, शरीरावर दिसणारं नुकसान आहे.

दोष डॉक्टरांच्या स्वभावात शोधून फार काही हाती लागत नाही. पैसा कशाचा मिळतो ते बघावं लागतं. खासगी दवाखान्यात तपासणीची फी काहीशे रुपये. त्यात डॉक्टर पाच मिनिटं बोलली काय आणि पाऊण तास बोलली काय, फी तेवढीच. सिझरचं बिल हजारांत जातं, आयव्हीएफची, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराची, एक सायकल दीड-दोन लाखांत. विमा योजनाही भरती आणि शस्त्रक्रिया मोजतात. समजावून सांगितलेलं त्यांच्या कुठल्या रकान्यात बसत नाही. सरकारी ओपीडीत फीचा प्रश्न नाही, तिथे रांग आहे. सकाळी नऊला बाकावर बसलेल्या बायकांची संख्या आणि आतल्या डॉक्टरांची संख्या बघितली की एकीच्या वाट्याला चार-पाच मिनिटांच्या वर काही येणं शक्यच नसतं. त्या मिनिटांत बीपी, वजन, पोट तपासणं आणि गोळ्या लिहिणं होतं. उरलेलं सगळं राहून जातं.

मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांमध्ये हे सगळ्यात उघड दिसतं. जोडपं येणं अपेक्षित असतं, पण पुष्कळदा येतात सून आणि सासू. डिचोलीजवळच्या एका गावातून अशीच एक मुलगी आली होती. वय 29. हातात कापडाच्या पिशवीत जाडजूड फाईल. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच, सोनोग्राफ्यांचा गठ्ठा, नळ्या उघड्या आहेत का बघणारी एचएसजी, आणि शेवटी लॅप्रोस्कोपीसुद्धा. म्हणजे पूर्ण भूल देऊन पोटाला छिद्रं पाडून झालं होतं. सगळं नॉर्मल. मी शेवटचं पान उलटलं आणि विचारलं, "बाय, यजमानांचा रिपोर्ट कुठे आहे?" ती सासूकडे बघू लागली. सासू म्हणाली, "त्याला काय झालंय, डॉक्टर? धडधाकट आहे तो. दर रविवारी फुटबॉल खेळतो." नवरा बाहेर गाडीत बसला होता. मी म्हटलं, "काकी, त्याला आत बोलवा आणि तुम्ही जरा बाहेर बसा." मग त्या दोघांशी बोलले. त्याला वीर्यतपासणीला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. केली, तर शुक्रजंतूंची संख्या फारच कमी निघाली.

ही तपासणी काहीशे रुपयांत होते. दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, एवढाच तिचा त्रास. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणाच्या जोडीला. असं असताना सगळ्यात सोपी, स्वस्त आणि बिनधोक तपासणी सगळ्यात शेवटी होते आणि भूल देऊन करायची तपासणी आधी होते, याला वैद्यकीय कारण नाही. नवऱ्याला बोलवायला, त्याचा संकोच घालवायला, सासूला बाहेर बसवायला वेळ लागतो. सुनेला टेबलावर झोपवायला लागत नाही. माझी मागणी साधी आहे: गोव्यातल्या कुठल्याही सरकारी वा खासगी केंद्रात नवऱ्याचा रिपोर्ट फाईलला लागल्याशिवाय बाईच्या नळ्यांची तपासणी होऊ नये. त्यासाठी फॉर्मवर एक ओळ वाढवावी लागेल.

गोव्यात आणखी एक गोष्ट विचारावी लागते, जी पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला कदाचित सुचणार नाही. नवरा जहाजावर आहे का? तारवटी माणूस सहा-सात, कधी नऊ महिने बोटीवर असतो आणि दोन-तीन महिने घरी येतो. आखातातल्या नोकरीवाल्याचं वर्षातून एकदा येणं. बाई सांगते, लग्नाला चार वर्षं झाली. एकत्र राहिलेले महिने मोजले तर जेमतेम वर्ष भरतं, आणि त्यातही तिचं बीज सुटण्याच्या दिवसांत तो घरी होता की नाही हे कोणाला ठाऊक नसतं. वैद्यकीय व्याख्येप्रमाणे बारा महिने नियमित संबंध असूनही दिवस गेले नाहीत तर वंध्यत्वाचा तपास सुरू करायचा. बाईची पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांनी. ज्यांचा संसारच तुकड्यातुकड्यांनी होतो त्यांना आधी कॅलेंडर हवं, इंजेक्शनं नंतर. काही जणांनी जहाजावर जाण्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याचा पर्यायही आहे. पण हे सुचवायला आधी चौकशी करावी लागते, आणि चौकशीला बसून बोलावं लागतं.

वयाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत गोव्याचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 1.3 होता, देशाचा 2. जन्म कमी झाले म्हणून मुलींनी लवकर लग्न करावं, लवकर आई व्हावं, असं व्यासपीठांवरून सांगितलं जातं ते मला मुळीच पटत नाही. राज्याची लोकसंख्या सांभाळणं ही कुठल्या एका मुलीच्या गर्भाशयाची जबाबदारी नाही. पण वयाचा विषय टाळून मुलींना अंधारात ठेवणारी डॉक्टरही मला पटत नाही. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा-वीस लाख बीजं असतात, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि पस्तिशीनंतर संख्या आणि दर्जा दोन्ही भराभर घसरतात. हे पंचविशीतल्या मुलीला कळलं तर ती आपला निर्णय आपण घेईल. तिला ते चाळिशीत कळावं ही आमची चूक.

आता या माहितीचाही धंदा होतो आहे. एएमएचची रक्ततपासणी करून घ्या, बीजं किती शिल्लक आहेत ते कळेल, अशा जाहिराती मोबाइलवर येतात. एएमएच संख्येचा अंदाज देतं. आयव्हीएफमध्ये इंजेक्शनांचा डोस ठरवायला ते उपयोगी आहे. पण आकडा कमी आला म्हणून तिशीतल्या बाईला नैसर्गिकरीत्या दिवस जाण्याची शक्यता कमी होते, असं आढळलेलं नाही. लग्नाला सहा महिने झालेली मुलगी हा एक कागद घेऊन रडत येते, कारण कोणीतरी तिला सांगितलेलं असतं की तुझ्या हातात वेळ नाही, थेट आयव्हीएफ कर. पीसीओडीच्या, म्हणजे बीज वेळेवर न सुटल्याने पाळी अनियमित होणाऱ्या मुलींचंही तसंच. त्यांतल्या बऱ्याच जणींना वजन पाच ते दहा टक्के उतरवून आणि गरज पडली तर बीज सुटायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलच्या साध्या गोळ्यांनी दिवस जातात. गोळ्या लिहिणं सोपं आहे. वजनाबद्दल मुलीला न दुखावता, तिच्या घरातलं जेवण आणि तिच्या कामाच्या वेळा समजून घेऊन बोलणं याला तास जातो.

2023 साली गोमेकॉत मोफत आयव्हीएफ केंद्र सुरू झालं, त्याचा मला फार आनंद झाला. भारतात हे तंत्र मुळात सार्वजनिक इस्पितळातूनच लोकांपुढे आलं: 1986 साली मुंबई महापालिकेच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून हर्षा या टेस्ट-ट्यूब बाळाचा जन्म झाला. पुढे ते लाखो रुपयांच्या खासगी सेवेत गेलं आणि सामान्य घरांना जमिनी-दागिने मोडावे लागले. सरकारने ते परत गरिबाच्या आवाक्यात आणलं हे योग्यच झालं. पण मोफत मिळालं तरी आयव्हीएफ बाईच्या शरीरावरच होतं. रोजची इंजेक्शनं, बीजं काढताना भूल, आणि मग दोन आठवड्यांची वाट. पस्तिशीच्या आतल्या बाईतही एका प्रयत्नात मूल हाती येण्याची शक्यता ढोबळ मानाने तिनांत एक. स्वतःच्या बीजांनी त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या वयात ती शंभरात पाचांच्या आसपास राहते. हे आकडे सुरुवातीलाच सांगितले नाहीत तर अपयश आल्यावर बाई स्वतःला दोष देत बसते. 2021 च्या साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या कायद्याने आयव्हीएफ केंद्रांवर बंधनच घातलं आहे की जोडप्याला यशाची शक्यता, खर्च, धोके आणि दत्तक घेण्याचा पर्यायसुद्धा समजावून सांगायला हवा. प्रत्यक्षात तो समजावण्याचा भाग सह्यांच्या कागदांत संपतो.

माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ जोडप्यांनी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलेलं असतं, कौल घेतलेला असतो. मी त्यांना कधी अडवलं नाही. देवळात त्यांना काय मिळतं ते मला कळतं. गाऱ्हाणं घालताना नाव, गाव, काय अडलंय, कधीपासून अडलंय, हे सगळं मोठ्याने आणि पुरतं बोललं जातं. मध्ये कोणी तोडत नाही. आमच्या तपासणीच्या खोलीत बाईने बोलायला सुरुवात केली की पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत आम्ही विचारतो, "शेवटची पाळी कधी?"

दिवस गेल्यावर तरी हे बदलतं का? फार नाही. गोव्यातल्या गरोदर बाईला दोन गोष्टींचा धोका विशेष आहे, आणि दोन्ही बोलण्यातून आटोक्यात येण्यासारख्या आहेत. पहिली साखर. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी मधुमेह पाहणीत, जिचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात सर्वाधिक निघालं: 26.4 टक्के. घरोघरी आई-वडिलांना साखर आहे, मुलींची लग्नं आणि बाळंतपणं उशिरा होताहेत. म्हणून 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तातली साखर 140 च्या वर जाते का ही तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान व्हायला हवी. होतेही. पण रिपोर्ट वाढलेला आल्यावर तिला फक्त "गोड बंद कर" सांगून पाठवतात. ती पेज, उकडा भात, पाव यांचं प्रमाण तसंच ठेवते, कारण त्यांना कोणी गोड म्हणत नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या गोव्यातल्या बायकांत रक्तक्षय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत 31 टक्के होता, पाचव्या फेरीत तो 39 वर गेला. शिकलेल्या, कमावत्या, सुस्थितीतल्या राज्यात हे घडलं. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. मिळून घरी शेल्फवर पडून राहतात. विचारलं तर कारणं निघतात: शौचाला काळी होते, बद्धकोष्ठ होतं, मळमळतं. कोणी चहाबरोबर घेते, म्हणजे घेतलेलं वाया. काळी शौच अपेक्षितच आहे, गोळी जेवणानंतर दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा तास-दोन तास लांब ठेवावा, मळमळ फार असेल तर एक दिवसाआड घेऊन बघू: एवढं सांगायला तीन मिनिटं लागतात. तांबडी भाजी, नाचणी, कुळथाची पिठी हे सगळं खावंच, पण हिमोग्लोबिन आठवर आलं असेल तर भाजीने भरून निघत नाही हेही तिला कळायला हवं. आणि दिवस जाण्याआधी तिची पाळी किती जाते हे विचारायला हवं. महिन्याला आठ-आठ दिवस अंगावरून जाणाऱ्या बाईला तीच साधारण गोष्ट वाटते, कारण तिच्या आईलाही तसंच जात होतं.

मग सिझर. यावर मी जरा जास्त थांबणार आहे. गोव्यात सिझरचं प्रमाण चौथ्या फेरीत 31.4 टक्के होतं, पाचव्या फेरीत 39.5 झालं. देशाचं तेव्हा 21.5 होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या निवेदनानुसार एखाद्या लोकसंख्येत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने आई-बाळांचे मृत्यू आणखी घटत नाहीत. गोव्यासारख्या ठिकाणी दहाचा आकडा गाठावा असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे वय जास्त, साखर जास्त, पहिलटकरणींचं प्रमाण जास्त. सिझरने वाचलेली बाळं आणि आया मी स्वतःच्या हातांनी बघितल्या आहेत, आणि वेळेवर केलेल्या सिझरबद्दल कोणी तोंड वाकडं केलं तर मला राग येतो. पण पाचांतल्या जवळपास दोन बायकांचं पोट फाडावं लागतं, यावर माझा विश्वास बसत नाही.

प्रसूतिकक्षात काय होतं ते सांगते. पहिलटकरीण रात्री कळा घेऊन येते. गर्भाशयाचं तोंड तीन सेंटिमीटर उघडलेलं. जुन्या नियमाने तासाला एक सेंटिमीटर उघडायला हवं, म्हणून चार तासांनी पाहतात तर चारच. "पुढे सरकत नाही." खरं म्हणजे पाच सेंटिमीटरपर्यंत कळा रेंगाळणं स्वाभाविक आहे आणि खऱ्या जोरकस कळा त्यानंतर धरायच्या, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये लिहून दिलं आहे. बाळाचे ठोके चांगले आहेत, आईची प्रकृती चांगली आहे, तर थांबायला हरकत नाही. पण थांबणार कोण? लहान नर्सिंग होममध्ये डॉक्टर एकटी. दिवसभर ओपीडी झालेली. भूलतज्ज्ञ म्हापशाहून किंवा पणजीहून यायचा, पहाटे तीनला अचानक लागला तर मिळेलच असं नाही. बाहेर वीस नातेवाईक, त्यांतला एक दर अर्ध्या तासाला विचारतो, "डॉक्टर, काही झालं तर?" काही झालं तर कोर्ट आहे, तोडफोड आहे. अशा वेळी रात्री अकराला सिझर करून मोकळं होणं सगळ्यांनाच सुरक्षित वाटतं. त्या डॉक्टरला मी दोष देत नाही. ती त्या खोलीत एकटी आहे, हाच दोष आहे.

त्या बाईजवळही कोणी नसतं. कळा घेणारी बाई भेदरली की कळा मंदावतात, हे कुठलीही जुनी सुईण सांगायची आणि आता शास्त्रही सांगतं. शेजारी सतत कोणीतरी ओळखीचं माणूस असेल तर सिझर आणि चिमट्याची गरज कमी पडते. केंद्र सरकारने 2016 मध्येच सरकारी इस्पितळांत बाळंतिणीबरोबर एका बाईला राहू देण्याच्या सूचना काढल्या. 2018 मध्ये परिचारिकांना दीड वर्षाचं खास प्रशिक्षण देऊन सुईणशास्त्रात तयार करण्याचं धोरण आलं. गोव्याने हे दोन्ही मनापासून आणि सगळ्या प्रसूतिगृहांत राबवावं. साधं बाळंतपण प्रशिक्षित परिचारिकेने शेजारी बसून करावं, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असावी आणि अडलं तरच पुढे यावी. युरोपातल्या कित्येक देशांत हेच चालतं. आमच्या राज्यात अंतरं लहान, रस्ते बरे, बांबोळी बहुतेक तालुक्यांतून तासा-दीड तासावर. हे इथे जमलं नाही तर देशात कुठे जमणार?

काही सिझर घरचे मागतात, तेही सांगायला हवं. पंचांग बघून वेळ काढलेली असते. भटजींनी सांगितलेला दिवस बाळाच्या छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात पडला तर मी सरळ नाही म्हणते, कारण एकोणचाळीस आठवड्यांआधी कारण नसताना काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा धोका वाढतो. पण नाही म्हणून थांबता येत नाही. सिझर केलं तर पुढच्या गरोदरपणात वार (बाळाला पोसणारा भाग) जुन्या टाक्यांवर रुजू शकते, रक्तस्राव हाताबाहेर जाऊ शकतो, पोटात आतले अवयव एकमेकांना चिकटतात, हे आजी-आजोबांसकट सगळ्यांना बसवून सांगितलं की बहुतेक कुटुंबं ऐकतात. आणि एकदा सिझर झालं की दरवेळी सिझरच, हाही समज खरा नाही. योग्य निवड केली आणि इस्पितळात सोय असली तर अशा दहांतल्या सहा-सात जणींचं पुढचं बाळंतपण नैसर्गिक होऊ शकतं. किती जणींना हे सांगितलं जातं?

डॉक्टर म्हणतील, आमच्याकडे जोखमीच्याच बायका येतात, आकडा वाढणारच. ते तपासायची पद्धत आहे. रॉबसन वर्गीकरणात प्रत्येक बाळंतिणीची नोंद दहा गटांपैकी एका गटात होते: पहिलटकरीण की नाही, आधी सिझर झालं का, बाळ एक की जुळं, डोकं खाली की पायाळू, दिवस भरलेत का, कळा आपोआप आल्या की आणल्या. पहिल्या गटात येतात त्या पहिलटकरणी, ज्यांचं एकच बाळ, डोकं खाली, दिवस भरलेले आणि कळा आपोआप सुरू झालेल्या. तिथे जोखमीची सबब चालत नाही. या एका गटात कुठल्या इस्पितळात किती सिझर झाली, आणि त्याबरोबर किती बाळांना अतिदक्षता कक्षात ठेवावं लागलं, हे दरवर्षी जाहीर झालं तर बायकांना निवड करता येईल आणि आम्हा डॉक्टरांना स्वतःकडे बघता येईल. बाळांचे आकडे सोबत असायलाच हवेत, नाहीतर कोणी आकडा खाली आणायच्या नादात वेळेवर करायचं सिझर लांबवेल.

ज्यांचं मूल होऊन गेलं, किंवा अजून व्हायचंच नाही, त्यांच्याकडे तर आमचं लक्षच नाही. पाळीत कळवळणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीला आई माझ्याकडे आणायला कचरते, कुमारी मुलगी या दवाखान्यात कशाला, कोणी बघितलं तर? "लग्न झालं की थांबेल" या वाक्यावर एंडोमेट्रिऑसिसच्या, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणाऱ्या आजाराच्या मुली सात-सात, दहा-दहा वर्षं काढतात. पंचेचाळिशीतल्या बाईला जास्त जाऊ लागलं की सरळ "पिशवी काढून टाका". गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल आहे; पुष्कळ जणींची पिशवी त्यांनी वाचते. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभरात दोघींचीही झालेली नव्हती. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभरात पांढरा डाग उठतो का बघायचं, इतकी ती साधी आहे आणि आरोग्य केंद्रातली प्रशिक्षित परिचारिका ती करू शकते. सासूला घेऊन आलेली सून, मुलीला घेऊन आलेली आई, या सगळ्याजणी दवाखान्यात आलेल्याच असतात. त्या दिवशी त्यांनाही विचारलं तर वेगळं शिबिर लावायची गरज नाही. पाळी गेलेल्या बायकांबद्दल एवढंच म्हणते की भारतात ती सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जाते, पुढे तीस वर्षांचं आयुष्य असतं, आणि त्या तीस वर्षांत हाडं, हृदय, झोप, लघवी यांची तक्रार घेऊन आलेल्या बाईला "वयाप्रमाणे होतं" याहून जास्त काही ऐकायला मिळायला हवं.

वेळेला मोल द्यायचं तर ते पैशात द्यावं लागेल. सरकारी विमा योजनेत नैसर्गिक बाळंतपण आणि सिझर यांना एकच दर द्यावा. दिवस जाण्याआधीच्या सल्ल्याची, वंध्यत्वाच्या पहिल्या संपूर्ण मुलाखतीची, पाळी जाण्याच्या वयातल्या तपासणीची स्वतंत्र फी योजनेतून मिळावी, आणि ती मुलाखत अर्ध्या तासाहून कमी नसावी. सरकारी ओपीडीत पहिल्या भेटीच्या बायकांसाठी दुपारचा वेगळा वेळ ठेवावा, जिथे प्रशिक्षित परिचारिका आधी सगळी माहिती शांतपणे घेईल. खर्च येईल. निम्म्या अनावश्यक तपासण्या टळल्या तरी त्यातला बराच निघेल.

आणि सिझरच्या नोंदी. आरोग्य संचालनालयाने खासगी प्रसूतिगृहांच्या नोंदणी नूतनीकरणाच्या अर्जात रॉबसनच्या पहिल्या गटाचा तक्ता सक्तीचा करावा आणि तो लोकांना बघायला खुला ठेवावा. तोवर वाट न बघता माझ्या प्रसूतिगृहाचा तक्ता मी येत्या जानेवारीपासून बाहेरच्या फलकावर लावते आहे. डिचोली, म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे की त्यांनीही लावावा. माझा आकडा त्यांच्यापेक्षा जास्त निघाला तर कुठे चुकतंय ते मला त्यांच्याकडून शिकायचं आहे.